हॅरिएटच्या हातातल्या फिती

१८ ऑक्टोबर २०१४, शनिवार
बाड हॉम्बुर्ग

ऊर्मिला मला चारचौघांत ‘दादा’ म्हणाली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. हे एकदाच लिहून टाकतो, म्हणजे या नव्या वहीत पुन्हा तो विषय नको.

स्टुटगार्टला मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. ती प्रसन्नला आणि त्याच्या आईला घेऊन आली होती. प्रसन्न म्हणजे गाड्यांच्या कंपनीतला इंजिनिअर, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून पुरणपोळी खाणारा. त्याच्या आईने मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चमचा जरासा थांबला, आणि ऊर्मिला घाईघाईने म्हणाली, हा आमचा संघर्षदादा. दोन हिवाळे एस-बान लोकलमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेली मुलगी. मी प्लेट तिथेच ठेवली, चढाच्या गल्ल्या तुडवत घरी गेलो, आणि त्यानंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. ताई म्हणते, माझं डोकं फिरलंय. असेल. मास्टर्स होऊन ज्यांचं डोकं ठिकाणावर राहतं त्यांनी ते करावं.

पण आज, खरं सांगतो, बरं वाटतंय. सुगतने मला त्याच्या गाडीतून इथे सोडलं. सुगत म्हणजे ताईचा होणारा नवरा, इथल्या एका औषध कंपनीत संशोधक. त्याच्या ओळखीच्या फ्राऊ रेफेल्ड या बाईंना घर सांभाळायला कुणीतरी हवं होतं. रस्ताभर तो मला ‘मेहुणे’ म्हणत होता. मेहुणे, सीट मागे घ्या. मेहुणे, नोकरी मिळतेय, तोंड जरा सरळ करा.

घर कुरपार्क बागेच्या मागे, चढावर. तीन मजले, हिरव्या झडपांच्या खिडक्या, अंगणात चेस्टनटची दोन अवाढव्य झाडं. माझं काम एवढंच: पानं गोळा करायची, हीटिंगकडे लक्ष ठेवायचं, कचऱ्याची पिवळी पोती ठरल्या दिवशी फाटकाबाहेर ठेवायची, आणि सलोनमधल्या, म्हणजे दिवाणखान्यातल्या, चित्राची चौकट कोरड्या ब्रशने पुसायची. फ्राऊ रेफेल्ड पंचाहत्तरीच्या, काठीसारख्या सरळ, प्रत्येक वाक्याआधी ‘आल्झो’, म्हणजे ‘तर मग’. माझी खोली स्वयंपाकघराला लागून आहे आणि उबदार आहे. संध्याकाळी त्यांनी बटाट्याचं सूप दिलं, मी वरून ताईने दिलेला ठेचा घातला. त्यांनीही चमचाभर मागून घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढत तीनदा ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणाल्या. काय गेनाऊ ते कळलं नाही. पण हसलो आम्ही दोघं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आज चित्राची रीतसर ओळख झाली.

सलोनच्या लांब भिंतीवर एकच चित्र आहे, माझ्याहून उंच. इंग्लंडमधलं, अडीचशे वर्षांपूर्वीचं. एक इंग्रज राजकन्या लग्न होऊन इथल्या गढीत आली होती, तिच्या मागोमाग बरंच इंग्रजी सामान या गावात आलं, त्यातलंच हे असावं असं फ्राऊ म्हणतात. बागेत उभी असलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी आणि तिच्या पुढ्यात लहान भावंड. मुलगी लेडी हॅरिएट. केस वीतभर उंच चढवलेले, त्यावर पांढरी पावडर, त्यात शहामृगाची पिसं. अंगात निळं सॅटिन. सॅटिन असं रंगवलंय की हात लावला तर गार लागेल.

मी म्हटलं, धाकटी बहीण गोड आहे. फ्राऊ हसल्या. ती बहीण नाही, भाऊ. त्या काळी बड्या घरचे मुलगेसुद्धा सहा-सात वर्षांचे होईपर्यंत झगाच घालत. पांढरा मलमलचा झगा, कंबरेला गुलाबी पट्टा. मग एक दिवस ठरवून विजार घालायची, पाहुणे बोलवायचे, आणि लगेच मुलाची शाळेत रवानगी. विजार चढली की तो बहिणीच्या हातचा सुटला.

झग्याच्या खांद्यांना मागून दोन लांब फिती शिवलेल्या आहेत. मूल चालायला लागलं की पडू नये म्हणून या फिती असायच्या, मोठ्या माणसाने मागून धरायच्या. हॅरिएटने त्या डाव्या हातात धरल्यात. मी विचारलं, एवढ्या मोठ्या पोराला कशाला लागतात? फ्राऊ म्हणाल्या, नाहीच लागत. चित्र साफ करणाऱ्या माणसाने त्यांना सांगितलं होतं की फिती मागाहून रंगवल्यात, हॅरिएटच्या सांगण्यावरून. भावाची विजार शिवून तयार होती. तो शाळेत कधी गेला नाही. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आणखी एक गंमत. बडी माणसं चित्रकारापुढे बसत ती फक्त चेहऱ्यापुरती. कपडे लाकडी बाहुलीला घालून दुसराच चित्रकार रंगवायचा. फॅशन जुनी होऊन चित्र हास्यास्पद दिसू नये म्हणून पुष्कळजण मुद्दाम आजीच्याही आधीच्या काळातला वेष निवडायचे. म्हणजे अंग बाहुलीचं, कपडे मेलेल्यांचे, आणि वर आपला चेहरा. श्रीमंतांचे चोचले.

मागे झाडीत अंधारात तिसरं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. फ्राऊ म्हणाल्या, जुनं व्हार्निश काळं पडलंय, बाकी काही नाही.

कॉरिडॉरमध्ये त्यांच्या घरच्यांचे फोटो आहेत. त्यांचा भाऊ, ज्याला सत्तरी ओलांडल्यावरही त्या ‘बूबी’ म्हणजे ‘बाळ’ म्हणायच्या, गेल्या हिवाळ्यात वारला. जन्मभर याच घरात. हॅम्बुर्गची बोट बघायची फार हौस होती, चार वेळा तिकीट काढलं आणि चारही वेळा फाटकातून परत आला. शेजारी थोरली बहीण लोट्टे: रुंद कॉलरचा कोट, कंबरेला पट्टा, बशीएवढी बटणं. ती कुठे असते विचारलं, तर म्हणाल्या, फार वर्षांपूर्वी बूबीला बोर्डिंगमध्ये न्यायला आली होती. आणि मग त्या सूप बघायला गेल्या.

२५ ऑक्टोबर, शनिवार

भांडलो. ताईशी.

ताई म्हणजे धम्मदीपा, माझी सख्खी, सहा वर्षांनी मोठी. वाल्डॉर्फला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मला जर्मनीला तिनेच आणलं, व्हिसासाठीच्या माझ्या ब्लॉक अकाउंटपासून थंडीच्या बुटांपर्यंत सगळं तिचं. अठ्ठावीस नोव्हेंबरला हायडेलबर्गच्या श्टांडेसआम्टमध्ये तिचं आणि सुगतचं रजिस्टर लग्न आहे, दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बुद्धवंदना आणि जेवण. सही करायला साक्षीदार मी.

दुपारी तिचा फोन आला. जय भीम, जेवलास का, मोजे घालतोस का. मग हळूच म्हणाली की तिने ऊर्मिला आणि प्रसन्नला बोलावलंय. मी म्हटलं, का? ती म्हणाली, अरे ती माझीही मैत्रीण आहे, आणि किती दिवस तिला बघून पळणार आहेस, तिने तुला दादा म्हटलं, शिवी नाही दिली. मी म्हटलं, शिवी दिली असती तर बरं. ती म्हणाली, मग काय करू, तुझ्यासाठी जग रिकामं करू? आणि हसली. तिचं ते हसू. लहानपणी मला सायकलवरून पाडलं तेव्हाही आधी हसली होती, मग माझ्या भुवईतलं रक्त बघून रडली होती.

मी म्हणालो, आजपासून तू माझी बहीण नाहीस. आणि फोन ठेवला.

राग अंगात होताच. ब्रश घेऊन सलोनमध्ये गेलो, शिडीवर चढून चौकट पुसायला लागलो. हॅरिएटचा चेहरा समोरासमोर. मी मोठ्याने म्हटलं, चला, आता तूच माझी ताई. मानलेली. तू तरी कुणाला जेवायला बोलावू नकोस.

फ्राऊ दारात उभ्या होत्या. मी काय बोललो ते त्यांना ऐकायचं होतं. मी फुशारकीने सांगितलं की आमच्याकडे ‘मानलेली बहीण’ असते, रक्ताचं नातं लागत नाही, नुसतं म्हटलं की झालं. त्यांनी विचारलं, काही विधी असतो का. मी म्हटलं, नाही, तोंडाने म्हणायचं. मोडता येतं का? मी हसलो. म्हटलं, सख्खी मिळालेली असते, तिच्याशी भांडता येतं. मानलेली आपण होऊन मागितलेली, ती कशी मोडणार.

त्या चित्राकडे एकदा बघून आपल्या खोलीत गेल्या. जाताना ‘आल्झो’सुद्धा नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

फ्राऊ रेफेल्ड गेल्या. पुढच्या महिन्यात समुद्रावर जायच्या होत्या, आजच निघाल्या. टॅक्सीत बसताना माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, हॅरिएटला आनंद झाला असेल. फाटकातून बाहेर पडताना मात्र त्यांनी टॅक्सी क्षणभर थांबवली, मागे वळून घराकडे पाहिलं. मग गेल्या. एखादा मुलगा परीक्षा संपल्यावर शाळेतून निघतो तशा.

घर माझं. घड्याळं एक तास मागे केली. ताईचा फोन आला, उचलला नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पिवळी पोती बाहेर ठेवली, मग ब्रेड आणायला खाली गावात गेलो. बेकरीच्या कोपऱ्यावर खांद्यांत मागून उसण भरल्यासारखं झालं. दोन्ही खांद्यांत एकदम. पानं ओढून ओढून झालं असणार. परत वळलो तसं थांबलं.

सलोनमध्ये थंडी जास्त आहे. हीटर पूर्ण उघडला.

३ नोव्हेंबर, सोमवार

उसण नाही.

आज स्टेशनवर जायचं होतं, फ्रँकफुर्टला भारतीय दुकानातून डाळ-तांदूळ आणायला. बसस्टॉपपर्यंतच गेलो. बस समोर आली, पायरीवर पाय ठेवला, आणि कुणीतरी खांद्यांना धरून मला मागे खेचलं. ओढणाऱ्याने जोर लावला नव्हता. नाल्याकडे धावणाऱ्या पोराला आवरावं तितकंच. मी पाठीवर पडलो. ड्रायव्हर काहीतरी बोलला, एका आजोबांनी उठवलं. मागे कुणी नव्हतं.

घरी शर्ट काढून आरशात पाहिलं. दोन्ही खांद्यांवरून मागे पाठीपर्यंत दोन लाल पट्टे. दोन बोटं रुंद. फितीएवढे.

लिहून हात थांबला. आता सलोनमध्ये जाऊन आलो. चित्रात फिती हॅरिएटच्या हातात आहेत. पण दुसरी टोकं पोराच्या खांद्यांपाशी नाहीत. खाली येऊन चौकटीच्या कडेशी संपतात. आधीपासून तशाच होत्या का? मी नीट पाहिलं नसेल.

मी नीट पाहिलं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

सुगत येऊन गेला. ताईने चिकन, भाकरी, आणि लग्नासाठी घेतलेला करडा सूट पाठवला होता. ती स्वतः आली नाही. सुगत म्हणाला, ती म्हणते आधी त्याला फोन करू दे. मग मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, मेहुणे, दाढी केलीत तर माझ्या लग्नात माणूस म्हणून खपाल.

त्याला चित्र दाखवलं. मला वाटलं, तो तरी म्हणेल की फिती ठीक आहेत. तो जवळ गेला, पोराच्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि हसत म्हणाला, अरे, याच्या भुवईला तुझ्यासारखीच चीर आहे.

होती. डाव्या भुवईत. ताईच्या सायकलवरून पडलो तिथेच.

मी म्हटलं, सुगत, मला घेऊन चल, आत्ता, दोन दिवस तुझ्याकडे राहतो. तो लगेच तयार झाला. गाडीत बसलो. फाटकातून गाडी निम्मी बाहेर आली आणि खांदे सीटमध्ये रुतले, पट्टा गळ्यावर आला, श्वास बंद. मी ओरडलो. त्याने ब्रेक मारला, गाडी मागे घेतली. मागे आल्यावर श्वास आला. दुसऱ्यांदा तेच. सुगत आधी घाबरला, मग त्याचा आवाज बदलला. म्हणाला, तुला यायचं नाही ना, मग सरळ सांग. धम्मदीपाला तुझे हे तमाशे परवडत नाहीत, ती रोज रात्री रडते.

मी त्याला पट्टे दाखवायला शर्ट वर केला. तो म्हणाला, हा सीटबेल्टचा वळ आहे.

जाताना किल्ली दाखवून गेला. फ्राऊंनी त्याच्याकडे एक जादा किल्ली ठेवलीय. गरज पडली तर येईन म्हणाला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी ताईला फोन केला. माफी मागायचीच होती. तिने उचलला, मी म्हटलं, ताई—

सलोनमध्ये सॅटिन सळसळलं.

मी गप्प झालो. ती म्हणाली, बोल ना. मी पुन्हा म्हटलं, ताई. पुन्हा सळसळ, या वेळी दाराच्या अलीकडे. हाक मारल्यावर माणूस उठून येतं तशी.

मी म्हटलं, धम्मदीपा. जन्मात तिला नावाने हाक मारली नव्हती. मग ती म्हणाली, संघर्ष, तू मला नावाने का हाक मारतोस, एवढा राग आहे का रे. मी हळू आवाजात म्हटलं, राग नाही, चुकलो मी, तू माझी— आणि पुढचा शब्द काढता येईना. सॅटिन दारापाशी थांबून ऐकत होतं.

तो शब्द मी दुसरीला दिला. तिने ठेवून घेतला.

पहिल्या पानावर चुकीचं लिहिलंय. सगळं बदललं तो क्षण ऊर्मिलाचा नव्हता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चित्रासमोर उभा राहिलो आणि ताईला म्हटलं होतं तेच वाक्य हॅरिएटला म्हटलं. आजपासून तू माझी बहीण नाहीस. तीनदा म्हटलं. मराठीत, जर्मनमध्ये, इंग्रजीत. मग डोकं सरकलं. स्वयंपाकघरातली सुरी आणून चित्रातल्या फितीवर घातली. कॅनव्हासला चरा गेला नाही. माझा शर्ट मागून खांद्यापाशी टरकन फाटला आणि आत कातडीही.

दुपारी जीन्स घालायला गेलो. दोन्ही जीन्सच्या पायांची आतली शिवण उसवलेली. फाडलेली नाही, एकेक टाका काढलेला. आणि दोन्ही पाय मधे बारीक, सुबक टाक्यांनी एकमेकांना जोडलेले.

झगा. माझ्या जीन्सचा झगा केलाय.

१८ नोव्हेंबर

सूटचीही पँट. ताईने घेतलेली.

विजार चढली की तो बहिणीच्या हातचा सुटला. फ्राऊच म्हणाल्या होत्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार

फ्राऊ रेफेल्ड एकदाच्या फोनवर सापडल्या. मागे लाटांचा आवाज. मी जे होतं ते सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, बूबी पाच वर्षांचा असताना त्या चित्राला ‘श्वेस्टरशेन’ म्हणाला होता, म्हणजे छोटी ताई. आईने रागावलं म्हणून, त्या एका दिवशी, लाडात. पोरंच ती. फ्राऊंनी स्वतः त्याला कधी बाहेर नेण्याचा हट्ट केला नाही, म्हणून हॅरिएटने त्यांना घरात खपवून घेतलं. ७४ वर्षांत पहिल्यांदा समुद्र पाहिला, असं म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

मी विचारलं, आणि लोट्टे?

त्या म्हणाल्या, लोट्टे हट्टी होती. बूबीला हाताला धरून न्यायला घरात आली. तिला बाहेर पडताना कुणी पाहिलं नाही.

मग म्हणाल्या, तुम्हीच सांगितलंत ना, नुसतं म्हटलं की झालं. मी तुम्हाला शिकवलं नव्हतं. माफ करा मला.

फोन कुणी ठेवला, आठवत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

दिवसाउजेडी टॉर्च लावून झाडीतला अंधार पाहिला. व्हार्निश नाही. बाई आहे. हॅरिएटच्या काळात असे कपडे नव्हते— रुंद कॉलर. कंबरेला पट्टा. बशीएवढी बटणं.

तोंड उघडं आहे.

लहान मुलाला मात्र आता माझेच डोळे आहेत. मी पाहिलं की तोही पाहतो.

२५ नोव्हेंबर

आता अंगणातसुद्धा नाही. पायरीपर्यंतच. ओढ हळुवार असते, हेच जास्त वाईट. ती रागावत नाही. आवरते.

ताईचा मेसेज. शुक्रवारी सकाळी साडी नेसून सुगतबरोबर थेट इथे येणार. मला घेऊन मग हायडेलबर्ग. तुझ्या सहीशिवाय माझं लग्न नाही, कळलं का रे वेड्या, सूट नसेल बसत तर लुंगीवर ये.

येऊ नको लिहिलं. ताप आहे लिहिलं. पोलिसांना बोलावेन लिहिलं. तिचं उत्तर: मग तर येतेच.

२६ नोव्हेंबर

लोट्टेच्या शेजारी झाडीत एक फिकट डाग आला आहे. उभा. पांढरा. अजून चेहरा नाही, चेहरा शेवटी बसतो— आधी कपडे. खांद्यावरून खाली आलेलं लांब कापड. इंग्रजी नाही, जर्मन नाही. खालपर्यंत निऱ्या.

ताईची लग्नाची साडी पांढरी आहे.

२७ नोव्हेंबर

ती साडीच आहे. काठ सोनेरी. ताईने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो धरून पाहिला. तोच काठ.

एक कळलंय. वहीतलं तिला वाचता येत नाही. इथे मी ताई लिहितो आणि सॅटिन सळसळत नाही. ताई. बघ, काही झालं नाही. ताई. दिवसभर हेच लिहीत बसावंसं वाटतं.

भाऊ हरवला तर बहीण शोधायला आत येणारच. म्हणून तिला राग आला पाहिजे. राग आलेली माणसं परत जातात, मला अनुभव आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ

गाडी खाली वळणावर आली. सुगतचा हॉर्न. दोनदा वाजवतो तो, मेहुण्यांसाठी.

पुढच्या दाराला आतून कडी घातली आहे. किल्ली चालणार नाही. वही स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कठड्यावर ठेवतो. सुगत दार उघडलं नाही तर मागून येतो, त्याला दिसेल.

ताई, लग्नाला उशीर करू नकोस. माझ्या जागी ऊर्मिलाची सही घे. खरंच घे. ती मला दादा म्हणाली, त्यात एवढं काही नव्हतं. शब्द घाबरून दिला तिने. मी रागाने काढून घेतला. माझंच वाईट.

घरात पाऊल टाकू नकोस. चित्र बघायला नको. खिडकीतूनही नको. फ्राऊंचं घर आहे, आपलं काही नाही इथे.

आता मी सलोनमध्ये जाणार. तिला भाऊ जवळ हवा, तर जवळ जातो. तो जवळ असेपर्यंत ती दाराकडे बघणार नाही— बूबीच्या बहिणीला जन्मभर खपवून घेतलं ते त्यामुळेच. आतून तुला ओरडून सांगणार आहे, तेच वाक्य. तू माझी बहीण नाहीस. या वेळी खोटं आहे. जोरात म्हणेन. तू चिडशील, गाडीत बसशील, सुगत म्हणेल तमाशे परवडत नाहीत. बसा. निघा.

पायजमा उसवलेला आहे, तोच घातलाय. हसशील. आधी हसशील.

बेल वाजते आहे. तिचा आवाज. अरे बाळा उघड.

सॅटिन उठलं.

येतो म्हणालो हॅरिएटला. मीच येतो, तू बस.

ताई. ताई. ताई. इथे लिहून ठेवलाय, तुझा तुला. वही कठड्यावर टेकवूनच लिहितोय. आता सलोनकडे निघतो. स्वयंपाकघराचं दार माझ्यामागे ओढून घेईन, म्हणजे शब्द त्या बाजूला राहील आणि मी या